उपग्रहाच्या इंटरनेटवरून आडवाटेच्या साइटवर सुरक्षित शिरायचं कसं?

डोंगरवाट:

आमचं शीतगृह वस्तीपासून बरंच लांब आहे. फायबर येण्याची चिन्हं नाहीत. मोबाइलची रेंज गेटपाशी एखादी काडी, आत शून्य. म्हणून उपग्रहाचं इंटरनेट घेतलं. डिश लागल्यापासून तिथे बसून काम करायला काही त्रास नाही. मेल, व्हिडिओ कॉल, सगळं चालतं. त्रास आहे तो उलट दिशेचा. मी साइटवर नसते तेव्हा मला आत शिरता येत नाही.

आत तीन गोष्टी आहेत. साठा आणि हिशेबाचा विंडोज कॉम्प्युटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, आणि कूलिंग युनिटचा कंट्रोलर. कंट्रोलरचं स्वतःचं वेबपान आहे. बाहेरून येणारे तिघं: मी, हिशेब बघणारे गृहस्थ आणि कूलिंगचा टेक्निशियन. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवली), डायनॅमिक डीएनएस लावलं (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव दिलं), तरी बाहेरून काहीच पोचत नाही. डिश बसवणाऱ्याने "पब्लिक आयपी घ्या" (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा स्वतःचा पत्ता) एवढंच सांगितलं आणि तो गेला.

काळजी अशी की कंट्रोलरवर कुणी रात्री तापमान चार-पाच अंशांनी चढवलं तर सकाळपर्यंत माल हातचा जातो. त्यामुळे कसंही करून चालू झालं, एवढ्यावर मला थांबायचं नाही. अशी साइट चालवणाऱ्यांनी नेमकं काय केलंय ते सांगावं.

खाणकरी:

वाचतोय. आमच्याकडेही हेच दुखणं आहे.

नेटकऱ्या:

दोन गोष्टी सांगा. उपग्रह खालच्या कक्षेतला की भूस्थिर? आणि राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता काय दिसतो? तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर पोर्ट फॉरवर्डचा नाद सोडा.

डोंगरवाट:

खालच्या कक्षेतला. पत्ता १००.८१ ने सुरू होतोय.

नेटकऱ्या:

मग निदान झालं. तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवणाऱ्या कंपनीच्या नॅटमागे. आयपीव्ही४चे पत्ते संपत आले म्हणून २०१२ साली १००.६४.०.०/१० हा पट्टा खास सेवा पुरवणाऱ्यांसाठी राखून ठेवला गेला. त्यातला पत्ता तुमच्या राउटरला मिळतो आणि खरा बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. तुमच्या राउटरवर तुम्ही हवी तितकी पोर्ट उघडा, पण त्याच्या पलीकडे कंपनीचा जो नॅट बसलाय तो तुमच्या हातात नाही. बाहेरून आलेलं पॅकेट कुणाकडे द्यायचं हे त्याला ठाऊकच नसतं, म्हणून तो ते टाकून देतो. डायनॅमिक डीएनएस त्या सामायिक पत्त्याला नाव देतं, त्याने दार उघडत नाही.

स्टारलिंकच्या साध्या प्लॅनवर हेच असतं. मोबाइल डेटावरही बहुतेक ठिकाणी हेच.

राघू:

१००.६४वाल्यांची एक संघटना काढू या. सभासदसंख्या पहिल्याच दिवशी कोटींत जाईल, फक्त सभेला बाहेरून कुणाला येता येणार नाही :)

थेटभेट:

एवढा खल कशाला? व्यवसायाच्या प्लॅनवर पब्लिक आयपी मिळतो. तो घ्या, रिमोट डेस्कटॉपचं (विंडोजची स्क्रीन दुरून चालवण्याचं) पोर्ट उघडा. भीती वाटत असेल तर नेहमीच्या ३३८९ ऐवजी भलताच नंबर द्या. पासवर्ड लांबलचक ठेवा. विषय संपला.

कुलूपकिल्ली:

थेटभेट, विषय इथूनच सुरू होतो. कृपया हे करू नका, आणि इथे वाचणाऱ्या कुणीही करू नये.

पोर्टचा नंबर बदलून काही लपत नाही. २०१३ साली झेडमॅप नावाचं अवजार आलं. एका मशीनवरून, एका गिगाबिट जोडणीवर, सगळा आयपीव्ही४ चा पसारा एका पोर्टसाठी पाऊण तासाच्या आत तपासून होतो हे त्यांनी दाखवून दिलं. आज असे स्कॅन अहोरात्र चालू असतात. तुमची साइट डोंगरात असली तरी इंटरनेटवर ती बाकी सगळ्यांच्या शेजारीच उभी असते.

आणि पासवर्ड लांब असून भागत नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप उघडकीला आलं. जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधलं ते छिद्र असं होतं की पासवर्ड विचारला जाण्याच्या आधीच आत घुसता यायचं. कॅमेरा रेकॉर्डरचं तर विचारूच नका. २०१६ साली मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने कॅमेरे, रेकॉर्डर आणि घरगुती राउटर कारखान्यातल्या पासवर्डांनी गिळले, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) पुरवणाऱ्या डिन कंपनीला आडवं केलं. मोठमोठ्या साइट त्या दिवशी उघडत नव्हत्या.

डोंगरवाट ताईंचा कंट्रोलर यात सगळ्यात नाजूक. असे बरेच कंट्रोलर आतून मॉडबस ही यंत्रांची भाषा बोलतात. मॉडबस १९७९ चा. त्यात 'तू कोण' असं विचारायची सोयच नाही. पोर्ट ५०२ वर जो पोचला तो मालक. असं यंत्र थेट इंटरनेटवर ठेवायचं नसतं, कधीच नाही.

थेटभेट:

रिमोट डेस्कटॉप उघडं टाकण्याबद्दलचं म्हणणं मान्य. पण पब्लिक आयपीला उगाच बदनाम करू नका. पब्लिक आयपी घेऊन त्यावर फक्त वायरगार्ड हे व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा कुलूपबंद बोगदा, म्हणजे टनेल) ऐकत बसवलं तर? योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही. स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

कुलूपकिल्ली:

यावर शंभर टक्के सहमत. पब्लिक आयपी वाईट नाही, त्यावर काय टांगता ते महत्त्वाचं. एकच दार, तेही व्हीपीएनचं, आणि बाकी सगळं आत. तुमचा हा दुसरा सल्ला उत्तम आहे.

थेटभेट:

आणि आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, विसरू नका. स्टारलिंक /५६चा पट्टा देतं. तिथे नॅटची भानगडच नाही.

नेटकऱ्या:

बरोबर, पण बाहेरून येणाऱ्याकडेही आयपीव्ही६ हवं. हिशेबवाल्यांच्या ऑफिसात ते नसेल तर गाडी तिथेच अडते. शिवाय पट्टा बदलू शकतो. दुसरा रस्ता म्हणून ठीक, एकमेव रस्ता म्हणून मी ठेवणार नाही.

सुरंगी:

मी अशा काही साइट सांभाळते, म्हणून सविस्तर लिहिते.

तत्त्व एकच: साइटने बाहेर फोन करायचा, बाहेरच्याने साइटला नाही. सीजीनॅट बाहेर जाणारं काहीच अडवत नाही. मग एखादा छोटा व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा सर्व्हर, भाड्याने घ्यायचा, ज्याला पब्लिक आयपी आहे. त्याला आपण हब म्हणू. साइटच्या राउटरवर वायरगार्ड टाकायचं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरवर आहे, मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्येही आहे. राउटर हबकडे टनेल लावतो. तुम्ही, हिशेबवाले आणि टेक्निशियन आपापल्या लॅपटॉपवरून त्याच हबकडे टनेल लावता. दोन्ही बाजू हबवर भेटतात. साइटवर एकही पोर्ट उघडं नाही.

यात एक सेटिंग राहून जातं आणि मग लोक वायरगार्डला शिव्या देतात. साइटच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा. वायरगार्ड स्वभावाने गप्प असतं. बोलायला काही नसेल तर पॅकेट पाठवत नाही. तेवढ्यात सीजीनॅट आपल्या वहीतून तुमची नोंद पुसून टाकतो, आणि मग हबकडून साइटकडे जायला वाट उरत नाही. दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट गेलं की नोंद जिवंत राहते. डेटाची चिंता नको. ते पॅकेट सगळं मिळून ६० बाइटचं, म्हणजे दिवसाला दोनशे केबीच्या आसपास. मधली हस्तांदोलनं (दोन्ही टोकांनी एकमेकांची ओळख पटवणं) धरली तरी अर्ध्या एमबीच्या आत.

दुसरं, साइटच्या आतले पत्ते १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ मध्ये ठेवू नका. जगातले कितीतरी घरगुती राउटर तोच पत्ता वापरतात. हिशेबवाल्यांच्या घरी तोच पट्टा असला की त्यांचा कॉम्प्युटर तुमचा सर्व्हर स्वतःच्याच घरात शोधत बसेल. १०.च्या पट्ट्यातला एखादा आडवातिडवा भाग घ्या.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. टनेलमध्ये आला म्हणजे सगळीकडे फिरायला मोकळा, असं ठेवू नका. प्रत्येकाची किल्ली वेगळी, प्रत्येकाचा टनेलमधला पत्ता ठरलेला. हबच्या फायरवॉलवर नियम: हिशेबवाल्यांच्या पत्त्यावरून फक्त कॉम्प्युटरचा ३३८९. टेक्निशियनच्या पत्त्यावरून फक्त कंट्रोलरचं वेबपान. तुमच्या पत्त्यावरून तिन्ही. बाकी सगळं बंद. टेक्निशियनचा नियम एरवी बंदच ठेवा, त्याने फोन केला की चालू करा, काम झालं की परत बंद.

कुलूपकिल्ली:

सुरंगी, सुरेख लिहिलंत. एक भर घालतो. हबवर पॅकेट उलगडलं जातं आणि पुन्हा गुंडाळलं जातं. म्हणजे हब फुटला तर साइट फुटली. तेव्हा हबवर दुसरं काहीही ठेवायचं नाही. वेबसाइट नाही, मेल नाही. एसएसएचला (हबमध्ये दुरून लॉगिन करायला) पासवर्ड बंद, फक्त किल्ली. आणि तेच फायरवॉलचे नियम साइटच्या राउटरवरही पुन्हा लिहा. हबवर विसंबून राहू नका.

हिशेबनीस:

मी या कहाणीतल्या हिशेबवाल्यांच्या जातीचा माणूस. तुमचं सगळं वाचलं, बरंचसं डोक्यावरून गेलं. आमचे एक ग्राहक असेच दूरवर आहेत. त्यांनी टेलस्केल लावलंय. मी ॲप टाकलं, लॉगिन केलं, मोबाइलवर आलेला आकडा दिला, की त्यांचा कॉम्प्युटर समोर. व्हीपीएस नाही, फायरवॉल लिहिणं नाही. ज्यांच्याकडे सुरंगी नाहीत त्यांनी काय करायचं?

सुरंगी:

तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे. टेलस्केल आतून वायरगार्डच आहे, किल्ल्यांची देवाणघेवाण आणि नॅट ओलांडण्याचं काम ते स्वतः करतं. झीरोटियर या दुसऱ्या सेवेचंही काम साधारण तसंच. ज्याच्याकडे सर्व्हर सांभाळायला माणूस नाही त्याने हेच घ्यावं. महिनोन्महिने अपडेट न केलेल्या स्वतःच्या हबपेक्षा ते नक्की सुरक्षित. मात्र दोन गोष्टी बघा. लॉगिनला दुसरा टप्पा (पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा आकडा) सक्तीचा करा. आणि तिथेही कोण कुठे जाऊ शकतो याचे नियम लिहिता येतात, ते लिहा. सुरुवातीला सगळ्यांना सगळीकडे मुभा असते.

नेटकऱ्या:

सीजीनॅट कडक असेल तर टेलस्केलला थेट वाट सापडत नाही, मग ते स्वतःच्या रिले सर्व्हरमार्गे जातं. चालतं, पण रिले लांब असेल तर थोडं संथ. 'टेलस्केल स्टेटस' दिलं की थेट की रिले ते कळतं. आणखी एक म्हणजे टेलस्केल आपल्या यंत्रांना पत्ते त्याच १००.६४च्या पट्ट्यातले देतं. एरवी बिघडत नाही, पण राउटरवर स्वतःचे नियम लिहिताना कोणता १०० कुठला याचा घोळ होतो. ज्यांना ताबा स्वतःकडे हवा त्यांच्यासाठी हेडस्केल आहे, तेच काम स्वतःच्या सर्व्हरवर.

राघू:

संघटनेचं काम वाढत चाललंय :)

डोंगरवाट:

सगळ्यांचे आभार. एक विचारते. टेक्निशियन म्हणतो, "व्हीपीएन वगैरे नको, मी स्क्रीन शेअरिंगचं सॉफ्टवेअर टाकून कायमचा पासवर्ड लावतो, आमच्या सगळ्या ग्राहकांकडे तसंच आहे." त्याला नाही म्हणणं जड जातंय, कारण युनिट बिघडलं की धावून येणारा तोच.

कुलूपकिल्ली:

'सगळ्या ग्राहकांकडे तसंच' या वाक्यातच उत्तर आहे. तो पासवर्ड बहुधा सगळ्यांकडे एकच असेल. त्याच्या कंपनीतला एक माणूस सोडून गेला, किंवा एक लॅपटॉप हरवला, की सगळी शीतगृहं एकदम उघडी.

मे २०२१ मध्ये अमेरिकेतली इंधन वाहणारी कोलोनिअल पाइपलाइन बंद पडली. दरोडेखोर शिरले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. खात्याचा पासवर्ड बाहेर फुटलेला होता आणि दुसरा टप्पा नव्हता. म्हणजे व्हीपीएन असणं पुरेसं नाही. कुणाची किल्ली अजून चालू आहे, याची यादी कुणीतरी बघत राहावी लागते.

टेक्निशियनला गोडीने सांगा की तुम्हाला त्रास नाही, उलट सोय आहे: ही फाइल लॅपटॉपमध्ये टाका, बटण दाबा, वेबपान उघडा. बहुतेक जण ऐकतात. त्यांनाही नंतर "तुमच्यामुळे माल गेला" असं ऐकून घ्यायचं नसतं.

अवकाशवेडी:

धागा वाचताना राहवलं नाही, थोडं अवांतर लिहिते.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो. विचारणं आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात. वर यंत्रणेचा वेळ. म्हणून प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंद किंवा जास्तच दिसतं. याला कुठली कंपनी काही करू शकत नाही, प्रकाशाचा वेग तेवढाच आहे. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किमीवर, म्हणून तिथे २५ ते ६० मिलिसेकंद. मात्र ते सतत सरकत असतात आणि तुमची डिश कोणत्या उपग्रहाशी बोलणार याचं वाटप दर १५ सेकंदांनी होतं. तेव्हा लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, मधूनच उडी मारते.

भूस्थिरवाल्यांना अजून एक. संपातांच्या आसपास, वर्षातून दोनदा, काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं जोडणी बुडते. वेळा आधी काढता येतात. त्या वेळेला दुरून फर्मवेअर अपडेट लावायचं नाही.

खाणकरी:

अवकाशवेडी, आमच्याकडे फक्त भूस्थिरच मिळतं. आणि व्हीपीएन लावलं की वेग इतका पडतो की डोकं फिरतं. टनेलशिवाय फाइल झर्रकन उतरते, टनेलमधून तीच फाइल रांगते. प्लॅन तोच, डिश तीच. असं का?

पंपवाला:

खाणकरी, यावर मी लिहितो. आमचे पाणी उपसण्याचे पंप भूस्थिरवर आहेत.

फाइल ज्या टीसीपी पद्धतीने येते ती पोचपावतीच्या भरवशावर चालते. पावती यायच्या आधी किती माल वाटेत ठेवायचा याला मर्यादा असते. जुनी ६४ केबीची खिडकी धरली आणि ६०० मिलिसेकंदांची फेरी, तर एका जोडणीला सेकंदाला १०९ केबीच्या वर जाताच येत नाही. एक एमबीपीएसही नाही, मग प्लॅन कितीही मोठा घ्या. उपग्रह कंपन्यांना हे ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या मोडेममध्ये एक मध्यस्थ बसवलेला असतो. तो खोटी पावती लगेच देतो आणि माल पुढे आपल्या पद्धतीने पळवतो. टनेलशिवाय फाइल झर्रकन उतरते ती या मध्यस्थामुळे.

व्हीपीएन लावलं की टीसीपीचं हेडर, म्हणजे पॅकेटवरची माहिती, एन्क्रिप्ट होतं. मध्यस्थाला दिसतं फक्त यूडीपीचं, पोचपावती नसलेल्या पद्धतीचं, गाठोडं. तो हात लावू शकत नाही. तुमच्या मशीनला सगळी फेरी स्वतः सोसावी लागते.

उपाय: दोन्ही टोकांच्या मशीनवर खिडकी मोठी होऊ शकते का ते बघा, आजच्या सिस्टिमवर ती आपोआप वाढते, पण जुन्या डबड्यांवर नाही. एक मोठी जोडणी असण्यापेक्षा चार समांतर जोडण्यांनी फाइल उतरवा. टीसीपीवर चालणारं व्हीपीएन मुळीच नको. टीसीपीच्या आत टीसीपी घातलं आणि एक पॅकेट हरवलं, की दोघं एकाच वेळी पुन्हा पाठवायला लागतात. आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे स्क्रीन ओढत बसू नका. माउस हलवला आणि पाऊण सेकंदाने बाण हलला तर माणूस भलत्याच बटणावर क्लिक करतो. पंपाच्या बाबतीत ते परवडत नाही. आम्ही आकडेच बाहेर पाठवतो. पाण्याची पातळी, मोटरचा करंट, दाब, मिनिटाला एक छोटं पॅकेट. कमांड लाइनचं काम असेल तर मॉश नावाचा प्रोग्रॅम वापरतो; टाइप केलेलं अक्षर तो लगेच दाखवतो आणि मधे जोडणी तुटली तरी सत्र मरत नाही.

खाणकरी:

इतकं स्पष्ट उत्तर मला कंपनीच्या मदतकक्षाकडून कधी मिळालं नाही. मनापासून आभार.

सुरंगी:

पंपवाला, +१. खालच्या कक्षेवरही स्क्रीन ओढताना वॉलपेपर बंद, रंग कमी. आणि कॅमेरे! दोन एमबीपीएसचा एक कॅमेरा अखंड बाहेर पाठवला तर दिवसाला २१.६ जीबी. रेकॉर्डिंग साइटवरच राहू द्या, बाहेरून बघताना सबस्ट्रीम (कमी दर्जाचं हलकं चित्र) बघा, गरज असेल तेवढाच तुकडा उतरवा.

अवकाशवेडी:

या विषयावर बोलताना २४ फेब्रुवारी २०२२ ची आठवण निघायलाच हवी. युरोपवर सेवा देणाऱ्या वायासॅटच्या केए-सॅट जाळ्यावर हल्ला झाला. कंपनीने स्वतः सांगितलं की हल्लेखोर एका चुकीच्या पद्धतीने मांडलेल्या व्हीपीएन यंत्रातून जाळ्याच्या व्यवस्थापनाच्या भागात शिरले आणि तिथून ग्राहकांच्या मोडेमना विध्वंसक आज्ञा दिल्या. मोडेमची आतली मेमरीच खरडली गेली. बदली म्हणून जवळजवळ ३०,००० मोडेम पाठवावे लागले. आणि मध्य युरोपातल्या एनरकॉनच्या ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रण गेलं.

पण पवनचक्क्या फिरतच राहिल्या. त्या आपोआप चालायच्या स्थितीत होत्या, दुरून बघणं तेवढं बंद पडलं. डोंगरवाट ताई, तुमच्या शीतगृहासाठी मला हे फार मोलाचं वाटतं. तापमान राखण्याचं काम कंट्रोलरने स्वतः केलं पाहिजे, इंटरनेटच्या कुठल्याही आधाराशिवाय. दुरून आपण फक्त बघायचं आणि क्वचित बदलायचं.

पंपवाला:

याला जोडून: कंट्रोलरमध्ये तापमानाची वरची-खालची मर्यादा साइटवरच कुलूपबंद करता येते का ते टेक्निशियनला विचारा. बऱ्याच मॉडेलमध्ये असते. मग दुरून कुणी कितीही शिरलं तरी मर्यादेबाहेर जाता येत नाही. आणि धोक्याची सूचना बाहेर ढकलली गेली पाहिजे. आपण लॉगिन करून बघू तेव्हा कळेल, असं नको. गेटपाशी एक काडी रेंज आहे म्हणता, तर तिथे उंच अँटेना लावून एसएमएस पाठवणारा साधा जीएसएम अलार्म बसवा. डिश बंद, टनेल बंद, तरी एसएमएस निघतो.

डोंगरवाट:

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. सुरंगींनी सांगितलं तसंच केलं. हब, वायरगार्ड, तिघांच्या तीन किल्ल्या. हिशेबवाले खूश आहेत. टेक्निशियनने कुरकुर न करता फाइल टाकून घेतली. मर्यादा कुलूपबंद झाली, एसएमएस अलार्म लागला.

आता एक विचित्र प्रकार होतोय. साइटची वीज जाऊन आली की डिश उठते, राउटर उठतो, साइटवरचा माणूस म्हणतो इंटरनेट चालू आहे, पण टनेल लागत नाही. किल्ल्या त्याच, सेटिंग तेच. मी हबवर वायरगार्ड बंद करून चालू केलं की झटक्यात लागतं. हबला काय झालंय?

जुना_तंत्रज्ञ:

हब निर्दोष आहे. राउटरचं घड्याळ बघा.

वायरगार्डच्या पहिल्या हस्तांदोलनात वेळेचा शिक्का असतो. हब प्रत्येक किल्लीचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून जुना शिक्का आला तर पॅकेट निमूट फेकतो. कुणी जुनं पॅकेट पकडून पुन्हा वाजवू नये म्हणून ही योजना आहे. स्वस्त राउटरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली की वेळ मागे जाते. मग तुमचा राउटर भूतकाळातून दार ठोठावतो आणि हब गप्प बसतो. हबवर वायरगार्ड बंद-चालू केलं की त्याची आठवण पुसली जाते, म्हणून लगेच लागतं. तुम्ही सांगितलेलं हे लक्षण अचूक बसतं.

आता प्रश्न असा की राउटर एनटीपीवरून (जाळ्यावरून घड्याळ जुळवण्याची सोय) वेळ दुरुस्त का करत नाही? एनटीपी सर्व्हर म्हणून कुठला पत्ता दिलाय?

डोंगरवाट:

हबचा टनेलमधला पत्ता. सगळं आपल्याच जाळ्यात राहावं म्हणून.

जुना_तंत्रज्ञ:

तिथेच गाठ पडलीय. वेळ बरोबर झाल्याशिवाय टनेल नाही आणि टनेल लागल्याशिवाय वेळ नाही. एनटीपी टनेलच्या बाहेरून, थेट डिशवरून घ्या. सार्वजनिक एनटीपी चालेल. डीएनएसही टनेलमधून जात असेल तर तेही बाहेर काढा, नाहीतर एनटीपीचं नावच सुटणार नाही. जमलं तर डिश आणि राउटरला लहान यूपीएस द्या. दोन्ही मिळून ५० ते १०० वॉटच्या घरात खातात.

नेटकऱ्या:

वा! हे मी कित्येक ठिकाणी 'हब रीस्टार्ट करा' म्हणून निभावून नेताना पाहिलंय. वाचनखूण साठवली.

डोंगरवाट:

एनटीपी बाहेर काढलं. मेन स्विच पाडून पुन्हा चढवला, डिश उठली आणि टनेल आपोआप लागला, हबला हात न लावता. जुना_तंत्रज्ञ, तुमचे उपकार आहेत.

राहिलं एकच. कंट्रोलरचं वेबपान टनेलमधून अर्धंच उघडतं. वरची पट्टी येते, आलेख येत नाहीत. रिमोट डेस्कटॉप मात्र व्यवस्थित.

सुरंगी:

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. छोटी पॅकेट जातात, मोठी वाटेत हरवतात. वायरगार्ड आपल्यासाठी १४२० धरतं, तुमच्या वाटेत कुठेतरी त्याहून कमी जागा आहे. दोन्ही टोकांना १२८० करून बघा, आणि राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (जोडणी लागतानाच पॅकेट लहान ठेवायला सांगणं) चालू करा. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर जुनं असतं, त्याला पॅकेट लहान कर असं कुणी सांगितलं तरी ते ऐकत नाही, म्हणून राउटरनेच सांगावं लागतं.

डोंगरवाट:

१२८० केलं. आलेख आले.

खाणकरी:

माझाही एक प्रश्न या निमित्ताने. आमच्याकडे सुपरवायझर बदलत राहतात. फोन हरवला किंवा माणूस गेला तर?

सुरंगी:

हबवरून त्याचा पीअर, म्हणजे त्याच्या किल्लीची नोंद, काढून टाका, तेवढंच. बाकी कुणाला काही बदलावं लागत नाही, म्हणूनच एक किल्ली दोघांत वाटायची नाही. पीअरच्या नोंदीशेजारी नाव, यंत्र आणि दिल्याची तारीख लिहून ठेवा. आणि भूस्थिरवर आहात तर कीपअलाइव्ह २५ च ठेवा, एमटीयू पहिल्यापासून १२८०, आणि एनटीपी टनेलबाहेर. सुपरवायझरांना स्क्रीन नको, पंपवाल्यांसारखं आकड्यांचं एक पान द्या.

खाणकरी:

या आठवड्यात हब उभा करतो. अडलो तर इथेच विचारीन.